धर्मानंद कोसंबी : एका आयुष्यातील अनेक चाकऱ्या
(उत्सवानिमित्त देवळाच्या सभामंडपात दिलेले व्याख्यान)



श्रींच्या उत्सवात, देवळाच्या सभामंडपात, एका बौद्ध पंडिताचे चरित्र सांगावे हे काही जणांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. धर्मानंद दामोदर कोसंबी ह्यांनी पुराणधर्मावर जी टीका केली ती सौम्य नव्हती, आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हे पुस्तक वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु हा गृहस्थ आपल्यातलाच. त्यांचा जन्म साष्टीतील सांकवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. ज्या सांकवाळचा श्रीलक्ष्मीनरसिंह वेलिंगला आला आणि श्रीविजयादुर्गा केरीला आली, तेच हे सांकवाळ. देव गावाबाहेर पडले आणि नव्या जागी स्थिर झाले. हा मनुष्य मात्र गावाबाहेर पडला तो कोठेच स्थिर झाला नाही. आजचा विषय त्यांचे तत्त्वज्ञान नव्हे. तो अधिकारी माणसांनी सांगावा. आजचा विषय त्यांच्या चाकऱ्या एवढाच आहे.

चाकऱ्या म्हटल्यावर मोजदाद आली. नारळाच्या भाटांची देखरेख, काशीच्या अन्नछत्रात जेवून विद्यार्जन, सिंहलद्वीपात श्रामणेर, ब्रह्मदेशात भिक्षू, कलकत्त्यास राष्ट्रीय विद्यालयात व नंतर विद्यापीठात पालीचे अध्यापन, बडोदे सरकारचे वेतन घेऊन ग्रंथलेखन, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादन, पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन, अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात संशोधन, रशियात लेनिनग्राड येथे अध्यापन, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, आणि शेवटी परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहाराची स्थापना. ही यादी एखाद्या वधूपित्याच्या हाती दिली तर तो काय म्हणेल हे सांगावयास नको. ज्याचे एका जागी बूड टेकत नाही अशास मुलगी कोण देणार! आपल्या समाजात मनुष्याची किंमत तो एका खुर्चीवर किती वर्षे बसला ह्यावरून करण्याची रीत आहे. पस्तीस वर्षे एका कचेरीत काढून, पेन्शन घेऊन घरी आलेल्या माणसास उत्सवात मान मिळतो, आणि तो मिळू नये असे नाही. परंतु कोसंबींची यादी त्या मापाने मोजता येत नाही. ती कोणत्या मापाने मोजावी हे पाहण्यासाठी प्रत्येक ठिकाणी त्यांनी काय घेतले, काय सोडले आणि का सोडले हे तपासावे लागते. सुदैवाने ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी आपल्या दोषांवर पांघरूण घातलेले नाही.

पहिली चाकरी घरची. मराठी शाळेतले शिक्षण तुटक झाले, प्रकृती अशक्त होती, आणि शाळा सुटताच नारळाची भाटे सांभाळण्याचे काम अंगावर आले. ज्यांच्या घरी भाटे होती त्यांना हे काम ठाऊक आहे. पाडेली वेळेवर येत नाही, पाडपाच्या दिवशी नारळ मोजून घ्यावे लागतात, भाव पडला की वर्षाचा मेळ बसत नाही, आणि कर्ज मात्र वाढत राहते. त्या काळच्या हिंदू मुलास गोव्यात दुसरे काय होते? पणजीस लिसेव १८५४ सालापासून होते, परंतु त्या शिक्षणाची भाषा पोर्तुगेज, आणि सांकवाळच्या मराठी शाळेतून त्या दारापर्यंत जाणारी वाट फारच थोड्यांना सापडे. ज्यांना सापडत नसे ते मुंबईची बोट धरीत. कोसंबींच्या हाती मात्र ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक पडला. विनायक कोंडदेव ओक ह्यांचे हे मासिक मुलांसाठी होते. त्यात बुद्धाचे चरित्र आले होते. भाट राखणाऱ्या, विवाहित, विशीतल्या तरुणाने ते वाचले, आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावयाचा ही एकच इच्छा त्यास लागली.

ह्यापुढे त्यांनी ज्या ज्या चाकऱ्या केल्या त्या ह्या एका कामाच्या पोटी केल्या. १८९९ च्या डिसेंबरात ते घरातून निघाले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांची भेट झाली, थोडे संस्कृत झाले, आणि तेथून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे करीत १९०० साली ते काशीस पोहोचले. मराठी माणसांची घरे त्या वाटेवर होती म्हणून परमुलखात ही मजल निभावली. काशीत अन्नछत्रात जेवण आणि पंडितांपाशी संस्कृताचे पाठ असा क्रम चालला. परंतु संस्कृत हे साधन होते. बुद्धाचा धर्म जिवंत कोठे आहे हे पाहण्यासाठी १९०२ साली ते नेपाळात गेले आणि तेथे निराश झाले. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि अखेर सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य ह्या विख्यात स्थविरांपाशी त्यांनी पाली भाषेचा अभ्यास केला आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू झाले. ह्या काळात सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील पोथ्या वाचण्याचा सराव झाला. तो पुढे कसा उपयोगी पडला हे ओघाने येईलच.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ह्या सात वर्षांत त्यांनी एकही परीक्षा दिली नाही. नोकरीच्या अर्जात ‘शिक्षण’ म्हणून जो रकाना असतो तो त्यांना कोराच ठेवावा लागला असता. प्रमाणपत्र नाही, शिक्का नाही, कोणाची शिफारस नाही. असे असता १९०६ साली ते भिक्षुवस्त्र सोडून कलकत्त्यास राहू लागले तेव्हा त्यांस शोधीत जो विद्यार्थी आला तो कोण, तर हरिनाथ दे. अनेक भाषांचे हे विलक्षण पंडित वयाने कोसंबींहून वर्षभराने धाकटे, आणि लवकरच कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले हिंदी ग्रंथपाल होणारे! त्यांनी कोसंबींपाशी पालीचे धडे घेतले. मग राष्ट्रीय विद्यालयात काम मिळाले, आणि पाठोपाठ विद्यापीठात. तेथे कुलगुरू आशुतोष मुकर्जी होते. कागद न पाहता माणूस पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती, असेच म्हणावे लागते.

कोणीही म्हणेल, आता गंगेत घोडे न्हाले. विद्यापीठाची नोकरी, बऱ्यापैकी पगार, तो वाढण्याचाही संभव. एवढ्या वणवणीनंतर तरी येथे टेकावे. परंतु कलकत्त्यात राहून मराठी माणसास पाली कोण शिकविणार, हा प्रश्न कोसंबींस सोडीना. ह्या सुमारास बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांच्याकडून त्यांस जी वेतनाची योजना आली ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. महाराष्ट्रात कोणत्याही शहरी राहावे, दरमहा पन्नास रुपये मिळतील, आणि वर्षास एखादे पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहून द्यावे. मस्टर नाही, वरिष्ठ नाही, येण्याजाण्याची वेळ नाही! कचेरीत जन्म काढलेल्या माणसास हा करार वाचताना हेवा वाटल्यावाचून राहणार नाही. परंतु रक्कम मात्र कलकत्त्याच्या पगाराहून पुष्कळ कमी. कोसंबींनी ती पत्करली आणि कलकत्ता सोडले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली बाहेर आले, ते ह्याच काळातले.

हा व्यवहार बारकाईने पाहिला म्हणजे त्यांच्या पुढच्या चाकऱ्यांची किल्ली सापडते. मनुष्य नोकरी बदलतो ती बहुधा अधिक पगारासाठी, नाहीतर साहेबाशी बिनसले म्हणून. कोसंबींनी पगाराकडे पाहिलेच नाही असे मात्र कोणी समजू नये. त्यांनी पाहिले, आणि नीट पाहिले. पन्नासात निभते काय, निभत असेल तर बाकीचे दिवस आपले राहतात काय, असा तो हिशेब होता. त्यांनी पगार घेतला तो कामापुरता वेळ विकत घेण्यासाठी. जेथे पगार मोठा आणि वेळ दुसऱ्याचा, तेथून ते निघाले.

मात्र ह्याच जमाखर्चात एक खर्चाची बाजू आहे. ती उत्सवाच्या व्याख्यानात सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. ह्या सभेत निम्म्या खुर्च्यांवर भगिनी बसल्या आहेत, तेव्हा ती वाचलीच पाहिजे.

कोसंबींचे लग्न वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी झाले होते. १८९९ साली, ज्या वर्षी ते घराबाहेर पडले त्याच वर्षी, त्यांची पहिली मुलगी माणिक जन्मली. म्हणजे तान्हे मूल मागे ठेवून पती गेला तो सुमारे सात वर्षे परतला नाही. त्या काळच्या गोव्यात, एकत्र कुटुंबात, नवरा परागंदा झालेल्या तरुण स्त्रीची स्थिती काय होत असेल हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. हळदीकुंकवास बोलवावे की नाही ह्याचा विचार शेजारी करतात. मूल आजारी पडले तर वैद्यास कोण बोलवणार? बाळाबाईंनी ‘निवेदन’ लिहिले नाही. पतीच्या ‘निवेदना’त काशी आहे, नेपाळ आहे, ब्रह्मदेशाची अरण्ये आहेत, आणि त्या सात वर्षांतले घर मात्र फारच थोडे आहे. गौतमाने राहुलास सोडले त्याचे काव्य होते. माणिकला सोडले त्याचे काव्य करण्याचे कारण नाही.

कोसंबींस ह्याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. भिक्षुवस्त्र सोडून ते परत आले तेव्हा त्यांनी संसार पुन्हा हाती घेतला. १९०७ च्या जुलैत चिरंजीव दामोदर जन्मले, तेच पुढे गणित आणि इतिहास ह्या दोन्ही शास्त्रांत कीर्ती मिळविणारे डी. डी. कोसंबी. मागाहून मनोरमा आणि कमला ह्या मुली झाल्या. १९१८ साली अमेरिकेस जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर ह्या दोघांस शिक्षणासाठी बरोबर नेले. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली, आणि दामोदर १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. ज्या मुलीस तान्हेपणी सोडले तिला अमेरिकेपर्यंत नेले, ह्यास प्रायश्चित्त म्हणावे की न्याय, हे ज्याने त्याने ठरवावे. धाकट्या दोघींसह बाळाबाई ह्याही वेळी मागेच राहिल्या.

आता अमेरिकेकडे वळू. हार्वर्डचे हेन्री क्लार्क वॉरन हे पालीचे मोठे अभ्यासक होते. पाठीच्या व्याधीने ते जन्मभर पीडलेले. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा बौद्ध साधनामार्गाचा प्रमाणग्रंथ रोमन लिपीत संपादून छापावा हा त्यांचा संकल्प, परंतु १८९९ साली ते निवर्तले आणि काम अर्धे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सांकवाळचा एक तरुण घर सोडतो, आणि अकरा वर्षांनी तेच अर्धे काम पुरे करण्यास त्यास समुद्रापार बोलावणे येते. प्रोफेसर जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांची कोसंबींशी ओळख झाली होती. त्या ओळखीतून, प्रोफेसर चार्ल्स लॅनमन ह्यांच्या हाताखाली हे काम करण्यासाठी, १९१० साली कोसंबी बोटीवर चढले.

पोथ्यांचे पाठभेद लावणे हे काम दुरून रुक्ष दिसते. एका पोथीत एक अक्षर, दुसरीत दुसरे; सिंहली नकलकार एक चूक करतो, ब्रह्मी नकलकार वेगळी; आणि दोन्हींच्या मागे दीड हजार वर्षांपूर्वी आचार्यांनी काय लिहिले असेल ते अर्थावरून ओळखावयाचे. ज्यांनी जुन्या देवस्थानाच्या मोडी वह्या लावल्या आहेत त्यांना ह्या कामाची गोडी आणि त्याची चिडचीड दोन्ही समजतील. कोसंबींस दोन्ही लिप्या अवगत, आणि ग्रंथात सांगितलेली साधना त्यांनी विहारात राहून पाहिलेली. हार्वर्डच्या पंडितांपाशी ग्रंथालय होते. ही दुसरी गोष्ट त्यांच्यापाशी नव्हती.

परंतु ग्रंथावर कोणाचे नाव कोणत्या नात्याने यावे ह्यावरून मतभेद झाले, आणि १९१२ साली काम तसेच टाकून ते परतले. येथे मात्र पगाराचा प्रश्न नव्हता, मानाचा होता. आपले काम आपल्या नावाने ओळखले जावे एवढीच अपेक्षा. ज्यांनी वरिष्ठांच्या सहीसाठी जन्मभर टिपणे लिहिली त्यांना हा वाद क्षुल्लक वाटणार नाही.

परत येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकविली. ह्या सहा वर्षांचे फळ फार मोठे आहे. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत असे पालीचे अध्यापक त्यांच्या हाताखाली तयार झाले. कलकत्त्याचा पगार सोडताना जे मनात होते ते येथे पुरे झाले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हे पुस्तक १९१४ साली आले.

त्यानंतर १९१८ ते १९२२ पुन्हा हार्वर्ड. मग गांधीजींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात तीन वर्षे, तेथील पुरातत्त्व मंदिरात, अल्प वेतनावर. १९२६-२७ मध्ये पुन्हा हार्वर्ड, आणि पुन्हा ग्रंथ अपुरा. १९२९ साली रशियातील बौद्धविद्येचे पंडित श्चेरबात्स्की ह्यांच्या संस्थेत लेनिनग्राडला. हा काळ थोडक्यात उरकला तरी चालेल, कारण १९२४ नंतरची हकीगत ‘निवेदना’त नाही आणि उगीच रंग भरणे बरे नव्हे.

लेनिनग्राडहून ते परतले तेव्हा देशात मिठाचा सत्याग्रह पेटला होता. त्रेपन्न वर्षांचा हा पंडित शिरोड्यास गेला. फोंड्याजवळचे आपले शिरोडे नव्हे. तेरेखोलपलीकडचे, ब्रिटिश मुलखातले, जेथे मिठागरे होती ते. मिठागरे आणि नारळाची भाटे, हाच सांकवाळचा देखावा. पुढे तुरुंग. आणि तुरुंगातून सुटल्यावर १९३१ साली चौथ्यांदा हार्वर्ड! ज्या ग्रंथावरून एकदा भांडून परत आले त्याच ग्रंथासाठी हा मनुष्य चार वेळा साता समुद्रांपलीकडे गेला. ज्यास धरसोड म्हणतात ती ही नव्हे. बाकी सर्व सोडले, परंतु हे सोडले नाही. १९३२ पर्यंत तेथले काम त्यांनी पुरे केले.

ह्यानंतर काशी, आणि मग मुंबईस परळ. गिरणीकामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभा राहिला तो बिर्लांच्या देणगीतून. तेथेही ते फार काळ राहिले नाहीत. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ १९४० च्या सुमारास मराठीत आला. पुढे साहित्य अकादेमीने त्याचे इतर भारतीय भाषांत अनुवाद करविले. ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० साली छापली. म्हणजे आपल्या लिपीत तो ग्रंथ आधी आला.

वय सत्तरीस आले, देह व्याधीने जर्जर झाला, आणि हातून काम होईना. ज्याच्याकडून काम होत नाही त्याने अन्न खाऊन लोकांवर भार घालू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा अभ्यास त्यांनी केला होता, आणि अन्नत्यागाने देह ठेवण्याची जैन परंपरा त्यांस ठाऊक होती. १९४६ साली त्यांनी उपोषण आरंभिले ते गांधीजींच्या आग्रहावरून सोडले. परंतु पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेविला. हा निर्णय सर्वांस पटेल असे नाही. घरच्या वृद्धास कोणी असे करू देणार नाही, आणि देऊ नये. पेन्शन घेऊन ओटीवर बसलेला मनुष्य निरुपयोगी असतो हे मानणेही कठीण आहे. नातवंडास कडेवर घेणे हेही कामच आहे. परंतु काम आणि अन्न ह्यांची त्यांनी घातलेली सांगड बडोद्याच्या पन्नास रुपयांपासून अखेरपर्यंत एकच होती, एवढे मान्य करावे लागते. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले. तेव्हा फाळणीच्या वार्तांनी देश व्यापला होता, म्हणून गोव्यात कितीजणांच्या कानी ते पडले असेल कोण जाणे.

१९४९ साली ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ आणि ‘बोधिसत्त्व’ हे नाटक ही दोन पुस्तके त्यांच्या पश्चात छापली गेली. १९५० साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेचा एक्केचाळिसावा खंड म्हणून ‘विसुद्धिमग्ग’ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन ह्यांचे नाव आहे, आणि त्याखाली पाठ सुधारून सिद्ध करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी ह्यांचे. वॉरन जाऊन एक्कावन्न वर्षे झाली होती, लॅनमन १९४१ साली गेले होते, आणि कोसंबींस जाऊन तीन वर्षे. १९१२ साली ज्या पानावरून वाद झाला होता ते पान छापून आले तेव्हा त्या वादातले कोणीच ते पाहावयास उरले नव्हते.